कुराण वाचायचंय? मग शेवटून सुरू करा

कुराण विकत आणणारे पुष्कळ असतात, पण त्यातले बहुतेक जण पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबतात. मीही थांबलो होतो. पहिलं पान उघडलं, फातिहा वाचली. सात ओळींची प्रार्थना, मिनिटभरात झाली. लगेच पुढे 'अल-बकरा', म्हणजे गाय. आयती, म्हणजे ओळी, २८६. गाईची गोष्ट कुठे येते म्हणून शोधत बसलो, तर मध्येच मूसा (बायबलातला मोशे) आला, मग वारशाचा नियम, मग रोजा, मग घटस्फोट, मग पुन्हा मूसा. बाइंडरनं पानं उलटसुलट शिवली की काय, अशी शंका आली. पुस्तक कपाटात गेलं आणि दोन वर्षं तिथेच राहिलं.

चूक माझी होती. मी ते कादंबरीसारखं वाचत होतो. 'कुराण' या शब्दाचाच अर्थ पठण. इ.स. ६१० ते ६३२ या काळात, आधी मक्केत आणि ६२२च्या हिजरतीनंतर, म्हणजे स्थलांतरानंतर, मदिनेत, थोडं थोडं करून ते लोकांसमोर बोललं गेलं. मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार बोलणारा अल्लाह आणि ऐकवणारे पैगंबर मुहंमद. पैगंबरांच्या मृत्यूनंतर पहिले खलिफा अबू बक्र यांच्या सांगण्यावरून जैद बिन साबित यांनी ते एकत्र केलं, आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याच्या प्रमाण प्रती ठिकठिकाणी पाठवल्या गेल्या. मात्र मांडणी काळानुसार नाही. फातिहा सोडली तर साधारणपणे लांब प्रकरणं आधी आणि आखूड नंतर. मक्केतली सुरुवातीची, छोटी, तापलेली प्रकरणं म्हणूनच शेवटी सापडतात.

एवढं कळलं की निम्मं कोडं सुटतं. बाकीचं निम्मं कसं सोडवायचं, ते सांगतो. मी मुस्लिम नाही, आलिम, म्हणजे धर्मपंडित, तर नाहीच नाही. ज्याला नुसतं कुतूहल आहे, वाद घालायचा नाही आणि धर्मही बदलायचा नाही, अशा मराठी वाचकासाठी हे लिहितोय.

प्रत निवडताना

प्रकरणाला 'सूरह' म्हणतात. मराठीत काही जण 'सुरा' लिहितात, पण त्याचा आपल्याकडे अर्थ भलताच होतो, म्हणून मी सूरहच लिहीन. एकूण सूरह ११४, आयती सहा हजारांच्या वर. नेहमीच्या गणनेत ६२३६. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर जातात, त्यामुळे आकाराला घाबरायचं कारण नाही. शिवाय पठणाच्या सोयीसाठी सगळ्या ग्रंथाचे तीस समान भाग केलेले असतात, त्यांना 'पारा' म्हणतात.

मराठीत आज पूर्ण भाषांतरं मिळतात, हिंदी-इंग्रजीत तर ढीगभर. मोबाईलच्या ॲपमध्ये एकाच आयतीची चार भाषांतरं एकाखाली एक दिसतात, काहींत मराठीही असतं. माझा नियम असा की एका भाषांतरावर कधी विसंबायचं नाही. मराठी समोर ठेवा, अडलं की दुसरं उघडा. इंग्रजीतली दोन जुनी, गाजलेली भाषांतरं आपल्या इकडच्या वाटेनं गेलेली आहेत. मार्माड्यूक पिकथॉल हा इंग्रज मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता, पुढे हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत असताना, १९३० साली, त्याचं भाषांतर आलं. अब्दुल्ला युसुफ अली यांचं शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झालं, त्यांचं भाषांतर १९३४पासून लाहोरहून निघू लागलं. दोघांचं इंग्रजी आता जुनाट वाटतं. नवख्यानं अब्देल हलीम यांचं २००४चं घ्यावं, सोपं आणि नितळ आहे.

भाषांतर वाचताना कंसांवर नजर ठेवा. कंसातले शब्द मूळ अरबीत नसतात, भाषांतरकार ते पदरचे घालतो. कधी ते गरजेचे असतात, कारण अरबी वाक्य फार आटोपशीर असतं. कधी मात्र कंसातून मतच घुसतं. इंग्रजीतल्या एका खूप पसरलेल्या भाषांतरात फातिहाच्या शेवटच्या ओळीत ज्यू आणि ख्रिस्ती हे शब्द कंसात येतात. मुळात तिथे कोणत्याही धर्माचं नाव नाही. उलट बाजूनंही हेच होतं. चौथ्या सूरहच्या ३४व्या आयतीत बायकोला मारण्याचा जो उल्लेख आहे, तिथे युसुफ अलींनी कंसात 'हलकेच' जोडलं. त्यामागे हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या आठवणींची, परंपरा आहे हे खरं, पण तो शब्द त्या आयतीतला नाही. मी पहिल्या वाचनात कंस पेन्सिलीनं गोल करत गेलो. फार शिकवलं त्या पेन्सिलीनं.

विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराण वाचलं आणि विषयवार निवडलेल्या आयतींचं 'कुराण-सार' काढलं. सुरुवातीला हाताशी असावं असं आहे. फक्त निवड ही निवडणाऱ्याची असते, हे विसरायचं नाही.

दुकानात आणि घरात

मुंबईत मोहंमद अली रोडला गेलात तर धार्मिक पुस्तकांची दुकानं ओळीनं आहेत. मी तिथे एक प्रत उचलून "किंमत काय?" विचारलं. दुकानदार हसून म्हणाले, "किंमत नाही म्हणत, हदिया म्हणायचं." हदिया म्हणजे भेट. कुराणाचं मोल करता येत नाही, म्हणून पैसे देतानाही शब्द बदलतो. मग त्यांनीच विचारलं, अरबीसकट हवं की नुसतं भाषांतर?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अरबी मूळ पाठ असलेल्या प्रतीला मुस्लिम वजू केल्याशिवाय, म्हणजे विधीनं हातपाय-तोंड धुतल्याशिवाय, हात लावत नाहीत, निदान बहुतेक परंपरांत तरी. नुसत्या भाषांतराला तेवढं बंधन मानत नाहीत, त्यामुळे नवख्याला ते सोयीचं. पण कोणतीही प्रत असो, जमिनीवर ठेवू नये, तिच्यावर दुसरी पुस्तकं रचू नयेत, फाटली तर रद्दीत घालू नये. मुस्लिम घरांत ती कापडी जुजदानात गुंडाळून उंच ठेवतात आणि वाचताना लाकडी रेहालवर उघडतात. आपण पोथी सोवळ्यात ठेवतो, तसंच आहे ते, वेगळं समजावून सांगायला नको.

अरबीसह असलेली भारतीय छपाईची प्रत घेतलीत तर समासात 'ऐन' हे अक्षर आणि त्याभोवती तीन आकडे दिसतील. ती रुकूची खूण. रुकू म्हणजे एका विषयाचा तुकडा. वरचा आकडा त्या सूरहमधला कितवा रुकू, मधला त्यात आयती किती, खालचा त्या पाऱ्यातला कितवा. अरबी येत नसेल तरी ही खूण ओळखायला शिका. एका बैठकीला एक रुकू हे माप माणसाच्या दमाला बरोबर बसतं.

वाचायचं कुठून

फातिहा वाचा, आणि सरळ तिसाव्या पाऱ्यावर या. मदरशात मुलं 'कायदा', म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, संपवून पहिल्यांदा हाच पारा हातात घेतात, त्याला 'अम्मपारा' म्हणतात. म्हणजे शेवटून सुरुवात करणारे आपण काही पहिले नाही.

इथे ११२वी सूरह चार आयतींची, १०८वी तीनच आयतींची. १०९, ११२, ११३, ११४ या चौघी 'कुल' या शब्दानं सुरू होतात, म्हणून आपल्याकडच्या मुस्लिम घरांत त्यांना 'चार कुल' म्हणतात, भिंतीवर तसबिरीतही लावतात. 'कुल' म्हणजे 'सांग'. हा शब्द कुराणात तीनशेहून अधिक वेळा येतो. तो दिसला की समजायचं, पैगंबरांना सांगितलं जातंय की लोकांना असं सांग. कोण कोणाशी बोलतंय हे धरून ठेवलं नाही तर वाचताना गोंधळ होतो, कारण बोलणारा स्वतःला कधी 'मी', कधी 'आम्ही', कधी 'तो' म्हणतो आणि एकाच परिच्छेदात तिन्ही येतात. अरबी अलंकारशास्त्रात याला इल्तिफात असं नाव आहे. कीर्तनकार नाही का, बोलता बोलता मध्येच विठ्ठलाकडे वळून "अरे देवा" म्हणतो आणि पुन्हा श्रोत्यांकडे येतो? तसा कान लावा.

एक सूरह जवळून बघू. ९३वी, 'अद-दुहा', आयती अकरा. माझ्या मोडक्या मराठीत ती अशी:

उन्हं वर आल्याच्या वेळेची शपथ, निवांत झालेल्या रात्रीची शपथ, तुझ्या पालनकर्त्यानं तुला सोडलेलं नाही आणि तो तुझ्यावर नाराजही नाही. पुढचं तुझ्यासाठी आधीच्यापेक्षा चांगलं असेल. तो तुला देईल आणि तू समाधानी होशील. तू पोरका होतास, त्यानं आसरा दिला नाही का? वाट हरवलेला होतास, त्यानं वाट दाखवली. गरजू होतास, त्यानं पुरेसं दिलं. तर मग पोरक्याला दडपू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस, आणि तुझ्या पालनकर्त्याच्या देणगीबद्दल सांगत जा.

संदर्भाशिवाय वाचलं तर सुंदर सुविचार. आता परंपरा काय सांगते ते बघा. आयती येणं काही काळ थांबलं होतं. 'तुझ्या देवानं तुला टाकलं' असं मक्केतले लोक हिणवत होते. आणि पोरका म्हणजे खरोखरचा पोरका. मुहंमदांचे वडील त्यांच्या जन्माआधी वारले, आई ते सहा वर्षांचे असताना आणि आजोबा आठव्या वर्षी. मग काका अबू तालिब यांनी वाढवलं. हे डोक्यात ठेवून पुन्हा वाचा, 'आसरा' या शब्दाचं वजन बदलतं. शेवटचा 'मागणारा' म्हणजे भीक मागणारा की प्रश्न विचारणारा? भाष्यकारांनी दोन्ही अर्थ घेतलेत. आपल्यासारख्या प्रश्न विचारत येणाऱ्याला दुसरा अर्थ जास्त आवडणार, हे उघड आहे.

याला 'तफसीर' म्हणतात, म्हणजे भाष्य. तबरी (मृत्यू ९२३) आणि इब्न कसीर (मृत्यू १३७३) ही दोन मोठी नावं. इब्न कसीर यांचा संक्षेप उर्दू-इंग्रजीत सहज मिळतो. सगळा वाचायचा नसतो. अडलेल्या आयतीपुरता उघडायचा.

मग गोष्टी

छोट्या सूरह पंधरवडाभर वाचल्यावर १२वी घ्या, 'यूसुफ'. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सलग सांगणारी अशी दुसरी लांब सूरह कुराणात नाही. अकरा तारे आणि सूर्य-चंद्र वाकलेले स्वप्नात बघणारा मुलगा, विहिरीत ढकलणारे भाऊ, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, बाजार, मोहात पडलेली मालकीण, तुरुंग, सात लठ्ठ आणि सात रोड गाईंचं राजाचं स्वप्न. यातल्या सदऱ्याकडे लक्ष द्या. आधी भाऊ खोटं रक्त लावलेला सदरा बापाला दाखवतात. मग मालकिणीच्या घरात तो मागून फाटलाय म्हणून यूसुफ निर्दोष ठरतो. शेवटी त्याचाच सदरा तोंडावर टाकताच आंधळ्या झालेल्या बापाला दिसू लागतं. आणि गंमत म्हणजे जुलेखा हे नाव कुराणात कुठेच नाही, ते नंतरच्या परंपरेनं दिलं.

मग १९वी, 'मरियम', म्हणजे येशूची आई. कुराणात नावानं उल्लेख झालेली ही एकमेव स्त्री. एकटी, खजुराच्या बुंध्याशी, कळा देत असताना म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल. बाळंतिणीला खायला काय मिळणार याची काळजी करणारा धर्मग्रंथ म्हणून ही जागा मला विसरता येत नाही.

या सगळ्या गोष्टी ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहेत असं कुराण धरून चालतं. द्रौपदीची थाळी म्हटलं की आपल्याला अख्खा वनपर्व सांगावा लागत नाही, तसं. म्हणून बायबलमधल्या आदम, नोहा, अब्राहम, मोशे यांच्या कथा आधी थोडक्यात वाचून घेतल्या तर पुष्कळ सोपं जातं. मूसाचं नाव कुराणात सव्वाशेहून अधिक वेळा येतं. मुहंमद हे नाव फक्त चार वेळा.

शब्दांची वही

आपल्याला अरबी येत नाही, असं आपल्याला वाटतं. ५७व्या सूरहची तिसरी आयत अल्लाहचं वर्णन करते: अव्वल, आखिर, जाहिर, बातिन. पहिला, शेवटचा, उघड, गुप्त. अव्वल नंबर, अखेर, जाहीर सभा, चारातले तीन तर आपल्या तोंडात रोज असतात. कलम, किताब, हिशेब, दुनिया, इमान, वकील, मालक, सैतान हेही सगळे कुराणात भेटतात. शिर्डीच्या 'श्रद्धा-सबुरी'तली सबुरी त्याच 'सब्र'च्या कुळातली.

पण ओळखीचे शब्द दगा देतात. 'काफिर' घ्या. आपल्याकडे तो शिवीसारखा वापरला-ऐकला जातो. मूळ धातूचा अर्थ झाकणं. सत्य झाकणारा, उपकार न मानणारा, म्हणून नाकारणारा. त्याच ५७व्या सूरहच्या विसाव्या आयतीत पाऊस पडून पीक वर आल्याचं बघून 'कुफ्फार' खूश होतात, असं येतं. बहुतेक भाष्यकार तिथे अर्थ घेतात शेतकरी, कारण तो बी मातीत झाकतो. 'जिहाद'चा धातू कष्ट, झटणं असा. प्रत्यक्ष लढाईसाठी 'किताल' हा वेगळा शब्द आहे, जरी काही ठिकाणी जिहादमध्ये लढाईही येते. 'आयत' म्हणजे ओळही आणि खूणही. पाऊस, रात्र, गलबत, मधमाशी, सगळ्या आयतीच. वहीत असे वीस-पंचवीस शब्द जमले की भाषांतर आतून दिसू लागतं.

आणि मधूनमधून ऐका. ५५वी सूरह, 'अर-रहमान', ७८ आयती, त्यात एकच ओळ ३१ वेळा येते: तुमच्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या कृपा तुम्ही नाकाराल? छापील पानावर ती कंटाळवाणी वाटते. कारी, म्हणजे कुराण पठण करणारे, अब्दुल बासित यांच्या आवाजात ऐकली की कळतं, हे धृपद आहे.

आता 'अल-बकरा', आणि अडचणीच्या जागा

एवढं झाल्यावर दुसऱ्या सूरहकडे परत या. मदिनेत समाज उभा राहतोय, त्याचे नियम ठरतायत, हे माहीत असलं की ती पानं विस्कळीत वाटत नाहीत. कुराणातली सगळ्यात लांब आयत इथेच आहे, २८२वी, आणि ती आहे उसनवारीवर! कर्ज छोटं असो की मोठं, लिहून ठेवायचा कंटाळा करू नका, मुदत घाला, मजकूर कर्जदारानं सांगावा, साक्षीदार घ्या. तिथेच एका पुरुषाऐवजी दोन स्त्रियांची साक्ष येते आणि आजचा वाचक अडखळतो. अडखळावंच. वहीत लिहा, तफसीर बघा, आजच्या मुस्लिम अभ्यासक स्त्रिया त्यावर काय म्हणतात तेही शोधा.

वादाच्या आयतींसाठी मी एकच शिस्त पाळतो: मागच्या दहा, पुढच्या दहा. व्हॉट्सॲपवर फिरणारी ९:५, म्हणजे नवव्या सूरहची पाचवी आयत घ्या, मुश्रिकांना (अल्लाहबरोबर दुसरे देव मानणाऱ्यांना) सापडतील तिथे मारा. तिच्या आधी चार महिन्यांची मुदत दिलीय, करार पाळणाऱ्यांना वगळलंय. नंतरच्या सहाव्या आयतीत आश्रय मागणाऱ्या मुश्रिकाला सुरक्षित जागी पोचवायला सांगितलंय, आणि तेराव्या आयतीत समोरच्यांनी शपथा मोडल्याचं कारण येतं. हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूची लाडकी ५:३२, एका माणसाला मारणं म्हणजे सगळ्या मानवजातीला मारणं. ती बनी इस्राईलला, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांना, सांगितलेली आहे, तिच्यातच अपवाद आहे, आणि लगेच पुढची ३३वी आयत हातपाय तोडण्यापर्यंतच्या शिक्षा सांगते. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड एकाच रोगाचे. आणि संदर्भ वाचला की सगळं गोड होतं असंही नाही. ९:५नं आधीच्या सौम्य आयती रद्द केल्या असं मानणारे जुने भाष्यकार होते, ते न मानणारेही होते. हा वाद मुस्लिमांच्या घरातला आहे आणि फार जुना आहे.

हदीसचं प्रकरण वेगळं

पुष्कळ गोष्टी कुराणात आहेत असं आपण धरून चालतो, पण त्या तिथे नसतात. नमाजात रकात (नमाजाची आवर्तनं) किती, खतना म्हणजे सुंता, स्वर्गातल्या हूर म्हणजे अप्सरांचा बहात्तर हा आकडा, यांतलं काहीच कुराणात नाही. ते हदीसमधून येतं. तिचे मुख्य संग्रह पैगंबरांनंतर साधारण दोन शतकांनी तयार झाले. इमाम बुखारी (मृत्यू ८७०) आणि इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांचे संग्रह सुन्नींमध्ये सर्वांत मान्य, शियांचे वेगळे. प्रत्येक हदीसला 'यानं त्याच्याकडून ऐकलं' अशी साखळी असते, आणि साखळीच्या बळावर ती सहीह, हसन किंवा जईफ, म्हणजे पक्की, बरी किंवा दुबळी ठरते. दर्जा न सांगता कोणी हदीस पाठवली तर आधी दर्जा विचारा. वाचायची असेल तर इमाम नववींचा 'चाळीस हदीस' हा छोटा संग्रह घ्या. नाव चाळीस, आहेत बेचाळीस.

विचारायचं कोणाला

शेजारच्या चाचांना मी एकदा उत्साहानं एका आयतीचा अर्थ विचारला आणि ते ओशाळले. त्यांनी आयुष्यभर 'नाजरा' वाचलंय, म्हणजे अरबी बघून उच्चारायचं, अर्थ कळो न कळो. भारतात असे लोक पुष्कळ आहेत, आणि आपणही विष्णुसहस्रनाम अर्थ लावून म्हणत नाही. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. "अर्थ काय?" याऐवजी "तुम्ही ही कधी वाचता?" असं विचारतो. मग 'यासीन' ही सूरह मरणाऱ्याच्या उशाशी वाचतात, शुक्रवारी 'कहफ' वाचतात, असं कितीतरी कळत जातं, जे कुठल्या तफसीरच्या अनुक्रमणिकेत सापडत नाही.

पूर्ण वाचन करायचंच असेल तर रमजान धरा. महिनाभर रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते, त्यात हाफिज, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेले, रोज साधारण एक-सव्वा पारा तोंडपाठ म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी सत्ताविसाव्या रात्री कुराण पूर्ण होतं. तुम्ही दिवसा त्याच पाऱ्याचं मराठी वाचून ठेवा. दुसऱ्या दिवशी इफ्तारीला चाचा खजुराची बशी पुढे करतात, तेव्हा "काल यूसुफ झाली ना?" एवढं विचारलं तरी पुरतं. मग चाचीही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसतात आणि विहिरीपासून पुन्हा सगळी गोष्ट ऐकायला मिळते, तीही दख्खनीत.